विश्लेषण : मल्टिमीटर, टोंग टेस्टर, मेगर बिघडले तर दुरुस्ती कुठे? देगलूरसारख्या गावातून कोणते पर्याय आहेत?

देगलूर (जि. नांदेड) : विहिरीवरची मोटार जळाली तर वाइंडिंगवाला गावातच मिळतो. मोबाइल बंद पडला तर दुरुस्तीची दुकाने आहेत. पण ज्या मीटरने हा वाइंडिंगवाला मोटार तपासतो आणि मोबाइलवाला बोर्ड तपासतो, तो मीटरच बिघडला तर न्यायचा कुठे? बहुतेक जण दोन गोष्टी करतात. मीटर फेकून देतात आणि दोन-तीनशे रुपयांचा नवा आणतात, किंवा ‘थोडा इकडेतिकडे दाखवतो’ म्हणत तोच वापरत राहतात. दुसरी सवय जिवावर बेतू शकते.

इलेक्ट्रिशियन, मोटार वाइंडिंग करणारे, सौरपंप बसवणारे, मोबाइल-टीव्ही दुरुस्त करणारे आणि आयटीआयमध्ये शिकणारे विद्यार्थी या सर्वांसाठी हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. घरच्या घरी काय तपासता येते, कोणता बिघाड गावात निघतो, कोणते उपकरण बाहेर पाठवावे लागते आणि कंपनीने दाद दिली नाही तर कायदा काय सांगतो, हे जाणून घेऊ.

बिघडलेला मीटर धोकादायक का?

बल्ब बिघडला तर तो पेटत नाही, म्हणजे बिघाड लगेच कळतो. मीटरचे तसे नसते. मीटरवर शून्य दिसले तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, तारेत खरोखर वीज नाही. दोन, वीज आहे, पण मीटरची लीड आतून तुटली आहे. स्क्रीनवर दोन्ही वेळा शून्यच दिसते.

आपल्याकडे सिंगल फेजला २३० व्होल्टच्या आसपास आणि थ्री फेजच्या दोन फेजांमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट दाब असतो. मोटारीच्या स्टार्टरमध्ये हात घालण्यापूर्वी मीटरने दाखवलेल्या शून्यावर विश्वास ठेवायचा असेल, तर तो मीटर त्या क्षणी चालू आहे याची खात्री हवी.

त्यासाठी जगभरातले इलेक्ट्रिशियन तीन टप्प्यांची पद्धत वापरतात. आधी जिथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी मीटर लावून पाहायचा. मग कामाच्या जागी तपासायचे. नंतर पुन्हा पहिल्या ठिकाणी लावून मीटर अजून चालू आहे का, हे पाहायचे. या कामाला एक मिनिट लागते आणि पैसा लागत नाही. मीटर नवा असो वा दुरुस्त केलेला, ही सवय सोडू नये.

बिघाड खरेच मीटरमध्ये आहे का?

मीटर बाहेर पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. अनेकदा मूळ दोष सेल, लीड किंवा फ्यूज एवढाच निघतो.

• सेल : साध्या मीटरमध्ये ९ व्होल्टचा चौकोनी सेल असतो. तो उतरला की स्वस्त मीटर बंद पडण्याआधी चुकीचे, बहुतेक वेळा जास्तीचे आकडे दाखवू लागतो. गावातल्या सगळ्याच घरांत व्होल्टेज वाढलेले दिसू लागले, तर महावितरणला फोन करण्याआधी सेल बदलून पाहा.

• लीड : मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना टेकवा. साधारण अर्ध्या ओहमच्या आत आकडा यायला हवा. आता वायर टोकाजवळ आणि पिनेजवळ हलवा. आकडा नाचू लागला तर दोष लीडमध्ये आहे.

• फ्यूज : व्होल्ट बरोबर येतात, पण करंट मोजताना काहीच दिसत नाही, तर पहिला संशय फ्यूजवर घ्यावा. करंट मोजायच्या सॉकेटमध्ये लीड असताना कोणी सप्लायवर व्होल्टेज तपासले की तो उडतो. मीटर उघडून फ्यूज दुसऱ्या मीटरने तपासावा.

• गोल स्विच : स्विच फिरवताना आकडे येतात-जातात, ही आतल्या पट्ट्यांवर धूळ किंवा गंज चढल्याची खूण. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते निघते. सँडपेपर लावू नये. पट्टीवरचा मुलामा जातो आणि बिघाड कायमचा होतो.

• अर्धवट आकडे : ८ च्या जागी ३ दिसतो, काही रेषा उमटतच नाहीत. स्क्रीन आणि बोर्डाच्या मध्ये रबराची एक बारीक पट्टी असते. ती सरकली किंवा मळली की असे होते. ती आणि बोर्डावरची तिची जागा पुसून पुन्हा नीट बसवली की बऱ्याचदा काम होते.

मीटर उघडण्याआधी लीड काढलेल्या असाव्यात आणि तो कुठल्याही सर्किटला जोडलेला नसावा, हे वेगळे सांगायला नको.

मीटर ठीक, तरी आकडा विचित्र! असे का होते?

काही वेळा मीटरमध्ये बिघाड नसतो. तो ज्या कामासाठी बनलाच नाही, ते काम त्याला दिलेले असते.

पहिले उदाहरण बंद केलेल्या लांब केबलचे. तिच्यावर डिजिटल मीटर लावला तर कधी ४०, कधी ८० व्होल्ट दिसतात. शेजारून जाणाऱ्या चालू तारेमुळे नावापुरता दाब तयार होतो आणि मीटरचा आतला रोध खूप मोठा असल्याने तो दाबही स्क्रीनवर येतो. बल्बचा भार दिला की आकडा खाली येतो. मात्र हा दाब आभासी आहे असे आधीच गृहीत धरून तारेला हात लावू नये.

दुसरे उदाहरण इन्व्हर्टर, व्हीएफडी आणि सौरपंपाच्या कंट्रोलरचे. यांच्या आउटपुटची वीज महावितरणच्या विजेसारखी गुळगुळीत लाटेची नसते. साधा मीटर तशी लाट गृहीत धरून हिशेब करतो, त्यामुळे आकडा चुकतो. तिथे ‘ट्रू आरएमएस’ असे लिहिलेला मीटर लागतो.

तिसरे टोंग टेस्टरचे. दोन्ही तारा एकत्र जबड्यात घेतल्या तर येणारा आणि जाणारा करंट एकमेकांना रद्द करतात आणि शून्य दिसते. एकच तार घ्यावी. नेहमीचा स्वस्त टोंग टेस्टर डीसी करंट मोजत नाही, त्यामुळे सौर पॅनेलच्या तारेवर तो शून्य दाखवतो. तो बिघाड नव्हे.

फ्यूजच्या जागी तार घातली तर काय बिघडते?

आपल्याकडची ही सर्वाधिक धोकादायक ‘दुरुस्ती’ आहे. फ्यूज उडाला की तांब्याची एक तार लावायची किंवा दुकानात मिळेल तो काचेचा फ्यूज बसवायचा. मीटर चालू होतो, पण त्याचे संरक्षण जाते.

चांगल्या मीटरमध्ये सिरॅमिकच्या नळीचा, आत वाळू भरलेला फ्यूज असतो. मोठा शॉर्ट झाला तर आतली ठिणगी ती वाळू विझवते. काचेच्या फ्यूजमध्ये ती ठिणगी पेटती राहू शकते, काच फुटू शकते आणि मीटर हातातच फुटण्याचा धोका असतो. फ्लूक कंपनीच्या ‘८७-व्ही’ या मीटरमध्ये ४४० मिलिअँपिअर आणि ११ अँपिअरचे दोन फ्यूज असतात आणि दोन्ही १००० व्होल्टचे असतात. फ्यूज विकत घेताना अँपिअरइतकाच हा व्होल्टचा आकडाही पाहावा लागतो.

दोन-तीनशे रुपयांच्या अनेक मीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटजवळ ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते. म्हणजे तिथे फ्यूजच नाही.

मीटरवर छापलेली ‘कॅट’ श्रेणीही वाचावी. घरातल्या प्लगला लावायच्या उपकरणांसाठी कॅट-२, इमारतीतल्या पॅनेल व वितरण बोर्डासाठी कॅट-३ आणि घरात येणाऱ्या मुख्य जोडणीसाठी कॅट-४, असा ढोबळ क्रम आहे. सौरपंपाचे पॅनेल मालिकेत जोडले की डीसी दाब शेकडो व्होल्टांवर जातो आणि डीसीची ठिणगी एसीपेक्षा हट्टी असते. तिथे स्वस्त मीटर आणि बारीक लीड वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

गावात काय दुरुस्त होते, काय होत नाही?

• स्वस्त मल्टिमीटर : आत बोर्डावर काळ्या थेंबासारखा डाग दिसतो, त्याखाली चिप झाकलेली असते. ती गेली की बदलता येत नाही. लीड, सेलची क्लिप, स्विच यापुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

• मध्यम व महाग मल्टिमीटर : फ्यूज, इनपुटचे रोध, संरक्षक सुटे भाग बदलता येतात. सोल्डरिंगमध्ये हात बसलेला मोबाइल कारागीर हे करू शकतो. मात्र बोर्डावरचे छोटे स्क्रू, म्हणजे प्रीसेट, अंदाजाने फिरवू नयेत. एक फिरवला की सगळ्या रेंज बिघडू शकतात.

• टोंग टेस्टर : जबड्याच्या दोन तोंडांमध्ये धूळ किंवा ग्रीस अडकले की आकडा कमी येतो. स्वच्छ कापडाने पुसून पाहा. जबड्याचा तुकडा उडाला असेल तर दुरुस्ती अवघड. तपासणीची युक्ती सोपी आहे : एकाच तारेचे १० वेढे जबड्यातून घ्या, १ अँपिअरचा भार असेल तर आकडा १० दाखवायला हवा.

• मेगर : हे नाव मुळात एका ब्रिटिश कंपनीचे १९०३ पासूनचे व्यापारी नाव, आता इन्सुलेशन तपासणाऱ्या कुठल्याही यंत्राला आपण मेगरच म्हणतो. दोन्ही टोके मोकळी ठेवून चाचणी केली तर काटा अनंतावर आणि टोके जोडली तर शून्यावर यायला हवा. एवढे होत नसेल तर आधी लीड बदला. आत ५०० ते ५००० व्होल्ट तयार होतात, त्यामुळे अनुभव नसेल तर उघडू नये.

• डीसी पॉवर सप्लाय : मोबाइल दुकानांतला हा नेहमीचा साथीदार. यात ट्रान्झिस्टर, कपॅसिटर किंवा व्होल्टेजची नॉब जाते आणि हे सारे गावातच निघते.

• ऑसिलोस्कोप (सीआरओ) : जुन्या सीआरओमध्ये बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात. ते बदलता येतात. मात्र पिक्चर ट्यूबला दोन हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. ट्यूबच गेली तर नवी मिळणे जवळपास अशक्य. लाट वाकडी दिसत असेल तर आधी प्रोब तपासा. सीआरओच्या पुढच्या बाजूला १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेचे टोक असते. त्याला प्रोब लावून त्यावरचा बारीक स्क्रू फिरवला की लाटेचे कोपरे सरळ होतात.

जुनी यंत्रे दुरुस्त होतात, नवी का नाही?

एचपी आणि टेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या १९८० च्या दशकापर्यंत यंत्राबरोबर जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल देत. त्यात पूर्ण सर्किट, भागांची यादी आणि मीटर जुळवण्याची कृती असे. एचपीचा हा विभाग १९९९ मध्ये अॅजिलेंट आणि २०१४ मध्ये कीसाइट झाला, तरी ती जुनी मॅन्युअल आजही इंटरनेटवर सापडतात.

नव्या यंत्रांत सगळे एका बोर्डावर आले. कंपनी भाग बदलत नाही, पूर्ण बोर्ड बदलते. जुळवणीचे आकडेही स्क्रूने नव्हे, तर मेमरीत साठवलेले असतात. १९८०-९० च्या दशकांतल्या काही ऑसिलोस्कोपमध्ये ही मेमरी एका छोट्या लिथियम सेलवर टिकून असते. तो सेल संपला किंवा चिप काढली की यंत्र आपली सगळी जुळवणी विसरते. म्हणून असे यंत्र हातात घेणाऱ्याने आधी त्या मेमरीची प्रत काढून ठेवावी.

पहिला पर्याय : नांदेड की हैदराबाद?

अकोला ते संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग १६१ नांदेडनंतर देगलूरहून तेलंगणात उतरतो. नांदेड इथून साधारण ८० किलोमीटर, तर हैदराबाद २०० किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. त्यामुळे पर्याय फक्त महाराष्ट्रातच शोधण्याची गरज नाही.

सुटे भाग हवे असतील तर हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली ही इलेक्ट्रॉनिक्सची जुनी बाजारपेठ आहे. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड यांची तीच ओळख. फ्यूज, प्रोब, लीड, डिस्प्ले आणि जुन्या आयसी अशा ठिकाणी मिळण्याची शक्यता अधिक. जाताना जुना भाग सोबत न्यावा किंवा त्यावरचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवावा.

नांदेडमध्ये १९८१ मध्ये सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. ही दुरुस्ती केंद्रे नव्हेत. पण आपला मीटर बरोबर दाखवतो का, हे प्रयोगशाळेतल्या चांगल्या मीटरशी ताडून पाहू देण्याची विनंती विभागप्रमुखांना करता येते. आयटीआयच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह अशी भेट ठरवली तर शिक्षणही होईल.

दुसरा पर्याय : कंपनीचे सेवा केंद्र

मीटर बनवणाऱ्या अनेक भारतीय कंपन्या महाराष्ट्रातल्याच आहेत. १९८२ मध्ये स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स नाशिकची. मोटवाने हे नावही नाशिकशी जोडलेले. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना ‘शिकागो रेडिओ’चे लाउडस्पीकर पुरवणारे हेच घराणे. मेको ही कंपनी नवी मुंबईत आहे. परदेशी कंपन्यांची सेवा केंद्रे मात्र बहुतेक बेंगळुरूसारख्या महानगरांत असतात.

कंपनीकडे पाठवण्याचा फायदा असा की मूळ भाग मिळतात आणि दुरुस्तीनंतर मीटर जुळवूनही मिळतो. काही महाग मीटरना कंपन्या दीर्घ मुदतीची हमी देतात, पण त्यासाठी बिल जपलेले असावे लागते आणि मीटर बाहेर कुठे उघडलेला नसावा लागतो. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली असतील तर भाग मिळत नाहीत. म्हणून आधी मॉडेल आणि सीरियल नंबर देऊन ईमेल करावा. दुरुस्तीचा अंदाजित खर्च, तपासणी शुल्क आणि दुरुस्ती नाकारली तर परतीचे भाडे कोणाचे, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

तिसरा पर्याय : कॅलिब्रेशन. ते दुरुस्तीपेक्षा वेगळे कसे?

दुरुस्ती म्हणजे बंद मीटर चालू करणे. कॅलिब्रेशन म्हणजे चालू मीटर किती खरे सांगतो हे त्याहून अचूक उपकरणाशी ताडून लेखी देणे. दुरुस्त झालेला मीटर खरे सांगेलच असे नाही, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या मीटरला दोन्ही लागतात.

प्रत्येक मीटरच्या पुस्तिकेत अचूकता दिलेली असते. उदाहरणार्थ, ‘± (१ टक्का + ३ अंक)’. स्क्रीनवर २३०.० व्होल्ट दिसले तर १ टक्का म्हणजे २.३ आणि शेवटच्या स्थानाचे ३ अंक म्हणजे ०.३. एकूण फरक २.६ व्होल्ट. म्हणजे खरा दाब २२७.४ ते २३२.६ यांच्या दरम्यान असू शकतो. दोन मीटरमध्ये एक-दोन व्होल्टांचा फरक दिसला म्हणून एखादा बिघडला असे होत नाही.

देशातल्या मोजमापाचे सर्वोच्च मानक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत (एनपीएल) जपले जाते. चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना ‘एनएबीएल’ ही संस्था मान्यता देते. १९८८ पासूनची ही संस्था आता भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. मान्यता ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ या मानकानुसार दिली जाते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर ‘इलेक्ट्रो-टेक्निकल’ हा विभाग आणि शहर निवडून जवळची प्रयोगशाळा शोधता येते.

सरकारी पर्यायही आहेत. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या ‘एसटीक्यूसी’ यंत्रणेची केंद्रे मुंबई, पुणे आणि हैदराबादमध्ये आहेत. मुंबईतच चुनाभट्टी-शीव भागात ‘आयडेमी’ ही विद्युत मापन उपकरणांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे. देगलूरकरांना यात हैदराबाद सोयीचे. उपकरण नेण्याआधी फोन करून त्या प्रकारचा मीटर स्वीकारतात का, शुल्क किती आणि दिवस किती लागतील, हे विचारावे.

प्रमाणपत्र हातात आले की चार गोष्टी पाहा : एनएबीएलचे चिन्ह व प्रमाणपत्राचा विशिष्ट क्रमांक, तुमच्याच मीटरचा सीरियल नंबर, प्रत्येक रेंजमधला फरक आणि त्या फरकाची अनिश्चितता. नुसते ‘ओके’ असे स्टिकर म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे.

घरगुती वायरिंग करणाऱ्याला दरवर्षी प्रमाणपत्राची गरज नाही. कारखान्याला, सरकारी कंत्राटाला किंवा रुग्णालयातल्या यंत्रांना तपासणीचा अहवाल देणाऱ्याला मात्र ते मागितले जाऊ शकते.

प्रयोगशाळा दूर आहे. गावात खात्री कशी करायची?

कामाचा मीटर रोज वापरा, पण एक चांगला मीटर वेगळा ठेवा. तो कामावर न्यायचा नाही, फक्त ताडून पाहण्यासाठी ठेवायचा. चार-पाच दुकानदारांनी मिळून असा एक मीटर घेतला आणि त्याचेच कॅलिब्रेशन करून आणले, तर खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाचा मीटर त्याच्याशी तपासता येतो.

त्याशिवाय १ टक्क्याच्या अचूकतेचे काही रोध जवळ ठेवा. ते काही रुपयांत मिळतात. १००० ओहमचा असा रोध ९९० ते १०१० च्या दरम्यान असतो. मीटरचा आकडा त्याच्या फार बाहेर गेला तर ओहमची रेंज बिघडली आहे. नव्या अल्कलाइन सेलवर साधारण १.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज होऊन काही तास मोकळ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवे. महिन्यातून एकदा हे आकडे वहीत लिहून ठेवले तर मीटर कधी सरकू लागला, ते कळते.

बाहेर पाठवताना कोणती काळजी घ्याल?

• सेल काढून ठेवा. कुरिअरमध्ये गळलेल्या सेलने बोर्ड खराब होतो.
• बिघाड कागदावर लिहा : कोणती रेंज, काय मोजताना, काय दिसते. ‘चालत नाही’ एवढे पुरेसे नाही.
• सीरियल नंबरसह फोटो काढा. दोष लीडचा असण्याची शक्यता असेल तर लीडही पाठवा.
• जीएसटी नोंदणी असेल तर दुरुस्तीसाठी जाणाऱ्या मालासोबत विक्रीचे बिल नव्हे, डिलिव्हरी चलन लागते. परराज्यात ५० हजारांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. महाराष्ट्रांतर्गत ही मर्यादा १ लाख रुपये आहे. हैदराबाद परराज्यात येते, हे लक्षात ठेवा.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, मीटर ४,००० रुपयांचा आहे. दुरुस्ती १,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २७० रुपये आणि दोन्ही बाजूंचे कुरिअर ४०० रुपये. एकूण २,१७० रुपये, म्हणजे नव्याच्या निम्म्याहून अधिक. त्यात मीटर नसल्याने बुडालेली कामे धरली तर नवा घेणे परवडते. हाच खर्च २०,००० रुपयांच्या उपकरणावर असेल तर दुरुस्तीच शहाणपणाची.

किमतीपलीकडचा एक नियम मात्र पक्का ठेवा. मीटरचे बाहेरचे कवच तडकले असेल, आत जळाल्याच्या खुणा असतील किंवा लीडचे रबर फाटले असेल, तर तो चालू असला तरी सप्लायवर वापरू नये.

कंपनीने दाद दिली नाही तर?

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात शेती उपकरणे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे आहेत. मोजमापाच्या उपकरणांचे वेगळे क्षेत्र त्यात नाही.

तरीही कारागिराच्या हाती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही, पण त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणाची मानली जात नाही. म्हणजे स्वतः काम करणारा इलेक्ट्रिशियन किंवा वाइंडिंग कारागीर हमीतल्या मीटरबद्दल तक्रार करू शकतो.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी कुठल्याही शहरातली असली तरी तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. देगलूरकराला नांदेडला जावे लागेल, मुंबई वा बेंगळुरूला नव्हे. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते.

पूर्ण गेलेल्या मीटरचे काय करायचे?

लगेच कचऱ्यात टाकू नका. स्विच, डिस्प्ले, जबडा, सॉकेट, सेलची क्लिप हे भाग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मीटरला उपयोगी पडतात. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना उघडून पाहायला असा मीटर द्यायलाही हरकत नाही. उरलेला सांगाडा मात्र ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रयोगशाळेतील उपकरणेही आहेत. तो जाळू नये. नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा त्यांच्यासाठी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा.

थोडक्यात, कोणी काय करावे?

• घरगुती वायरिंग करणारे : सेल, लीड, फ्यूज स्वतः तपासा. साधा मीटर गेला तर नवा घ्या, पण कॅट-३ चा.
• वाइंडिंग कारागीर : मेगर आणि टोंग टेस्टर कंपनीकडेच दुरुस्त करून घ्या.
• सौरपंप बसवणारे : डीसीसाठी योग्य श्रेणीचा मीटर आणि मूळ फ्यूज यांत तडजोड नको.
• मोबाइल-टीव्ही दुरुस्त करणारे : पॉवर सप्लाय गावात, ऑसिलोस्कोप जाणकाराकडे.
• आयटीआय, कारखाने, कंत्राटदार : किमान एका मीटरचे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या आणि बाकीचे त्याच्याशी ताडा.

आणि कोणताही मीटर असो, तारेला हात लावण्याआधी तो चालू सप्लायवर एकदा तपासा, कामानंतर पुन्हा तपासा.